समुद्राची पाळ

हॅवलॉक बेट,
१० फेब्रुवारी २०२१

बाई,

लांबूनच तुझ्या पाया पडतो. सध्या सरकारलाही लांबूनच पडलेलं आवडतं.

पोहोचलो. जिवंत आहे. पत्र लिहायचं कारण तुला माहीत आहे. फोनवर हळू बोललो तर तुला ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललो तर सगळ्या ढिवरपुऱ्याला ऐकू येतं. तुझ्या भाचीच्या, माझ्या जयाच्या लग्नाची गोष्ट पुऱ्याने ऐकावी अशी नाही, म्हणून चौथी पास माणसाच्या हाती पेन आला.

आधी प्रवासाचं सांगतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. नागपूरला तपासणीसाठी नाकात काडी घातली. ती इतकी आत गेली की मला वाटलं, आता ही बाई माझ्या डोक्यातलं शेवाळ काढूनच थांबणार. अहवाल येईपर्यंत मला ताप, खोकला, जुलाब सगळं झालं. अहवाल चांगला आला आणि सगळं थांबलं. मग काळजी लागली की हा अहवाल दुसऱ्या कोणाचा तर नाही?

विमानात मला मधली खुर्ची मिळाली. दोन्ही बाजूंना दोन धडधाकट माणसं. विमानातली मुलगी आली आणि तिने फक्त मला एक पांढरा झगा दिला. पायापर्यंत लांब, डोक्याला टोपी शिवलेली. वर तोंडापुढे लावायला प्लास्टिकची काच. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, माझा रिपोर्ट चांगला आला आहे जी." ती म्हणाली, "अंकल, बीचवाली सीट को पहनना पड़ता है." पण माझा विश्वास बसला नाही. माझ्यात काहीतरी सापडलं आहे आणि मी घाबरू नये म्हणून ही गोड बोलते आहे, असंच वाटत राहिलं. झगा घालून चेन्नईपर्यंत बसलो. तिथे काढायला सांगितला तेव्हा घडी करून पिशवीत ठेवला. पुढेमागे लागला तर असावा.

पोर्ट ब्लेअरला पुन्हा काडी. मग बोटीने हे बेट. बोटीतून उतरताना पाणी धक्क्याला टेकलेलं होतं, आपला तलाव पोळ्याच्या दिवसांत भरतो तसं. फक्त पलीकडचा काठ दिसत नव्हता. पलीकडचा काठ नसलेलं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

जया जिथे काउंटरवर बसते ते रिसॉर्ट मोठं आहे आणि रिकामं आहे. पाहुणे येईनात, बंद खोल्यांना बुरशी धरू लागली, म्हणून मालकाने नोकरांना सांगितलं, आपापल्या आईबापांना बोलवा, खोल्या वापरात राहतील. म्हणजे बाई, मी इथे पाहुणा नाही, मी बुरशीवरचं औषध आहे. पण मॅनेजरचा नियम असा की महाराष्ट्रातून आलेल्या म्हाताऱ्याने दुसरा अहवाल येईपर्यंत खोलीतच राहायचं. खिडकीतून मागची भिंत दिसते. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. चोवीस तास कोणी डोंग्यातून पाणी उपसून टाकतो आहे असा आवाज.

तू सांगितलेली दोन कामं लक्षात आहेत. जयाला बल्लारपूरच्या हेमराजचं स्थळ सांगायचं, आणि तिने इथे जो कोणी मुलगा पसंत केला आहे त्याला पाहून "नाही" म्हणून यायचं. योग्य वेळ पाहून दोन्ही करतो. तूर्त मला फक्त भिंत दिसते आहे. दारात एक तरुण माणूस जेवणाचं ताट ठेवून जातो. "जेवला का?" एवढंच मराठी त्याला येतं. तेसुद्धा तो ताट ठेवायच्या आधी विचारतो.

खोलीतला,
सोमाजी

•

मोहबोडी, तालुका नागभीड,
२२ फेब्रुवारी

सोम्या,

तुयं पत्र भेटलं. एकदा वाचलं. मंग आणखी एकदा वाचलं, कामाची गोष्ट माया नजरेतून सुटली असन म्हणून. सुटली नाई. तू लिहिलीच नाई.

नाकातल्या काडीची गोष्ट भल्ली लांब हाये. त्या पोट्ट्याची गोष्ट कुठी हाये? तुले मी काडी पाहाले पाठवलं का?

मी जसं बोलते तसंच लिहिते, तुयासारखं पुस्तकी मले येत नाई. आयक. हेमराज सरळ पोट्टा हाये. पेपरमिलात लागला. दारू नाई, तंबाखू हाये पण तो तर तुलेबी हाये. त्याचा मामा माह्याकडे दोनदा येऊन गेला. मी अर्धा शब्द देऊन बसली. पाडव्यानंतर साक्षगंधाचं पाहू म्हटलं. इथून सकाळी निघालं का दुपारच्या चहाले बल्लारपूर. समुद्रापलीकडे पोरीच्या घरी चहा प्याचा असन तर मी काय पोहत जाऊ?

जयाची माय गेली तवा ती माया मांडीवर होती. तू तलावावर जायचा अन् पाळीवर बसून रडायचा, मले सगळं ठाव हाये. पोरीले मी वाढवलं. आता म्हातारपणी तिचं तोंड पाहाले भेटावं एवढंच म्हणते. हे जास्त मांगणं हाये का?

त्या पोट्ट्यात खोट काढ अन् नाई म्हण. खोट काढणं तुले शिकवा लागत नाई. जलमभर माया भाजीत काढून राह्यला.

रुखमा

मच्छीमार सोसायटीची माणसं विचारत होती, सोमाजी कुठी गेला. मी सांगतलं, दवाखान्यात. हवा बदलाले बेटावर गेला म्हटलं असतं तर माहीच हवा बदलली असती.

•

हॅवलॉक,
५ मार्च

बाई,

तू रागावशील म्हणून पत्र उघडायच्या आधी मी तोंड धुतलं, केस विंचरले. तरी उपयोग झाला नाही.

आता खोलीतून बाहेर आहे. दुसरा अहवालही चांगला आला. अहवाल यायच्या आधी एका सकाळी थोडी गडबड झाली होती, पण ती सांगण्यासारखी नाही. कोणी काही बोललं तर विश्वास ठेवू नकोस.

इथलं सांगतो. एवढा मोठा समुद्र पुढ्यात असताना काठावर यांनी एक निळा हौद बांधला आहे आणि लोक त्यात पोहतात. पाहुणे थोडेच आहेत. दिल्लीचं एक नवं जोडपं आहे. ते अंगाला तेल लावून दिवसभर उन्हात पडून असतात, तोंडाला मास्क लावून. संध्याकाळी मास्क काढला की नाकाखालचा भाग पांढरा आणि बाकी सगळं वांग्यासारखं. डोळे भरून जेवण दिसेल पण हात लावता येणार नाही, असं सगळं डब्यात बंद करून देतात. वाळूवर चालून आलं की पायांवरही औषध फवारतात. कपाळाला बंदूक लावून ताप मोजणारा रखवालदार मला रोज मोजतो. माझा ताप त्याच्या बंदुकीत कधीच येत नाही, त्यामुळे तो माझ्याकडे मेलेला माणूस चालतो आहे अशा नजरेने पाहतो.

मुलगा पाहिला. ताट ठेवून जाणारा तोच निघाला. नाव निमाई हालदार. बंगाली, पण इथेच जन्मलेला. पाहुण्यांना बोटीतून फिरवणं हे त्याचं काम. सध्या पाहुणे नाहीत म्हणून ताटं वाटतो, झाडं लावतो. घराणं मासे मारणाऱ्यांचंच. आणि बाई, एक विशेष सांगतो. त्याची सख्खी मावशी मुलचेऱ्याला दिलेली आहे. आपल्या गडचिरोलीतलं मुलचेरा, आलापल्लीच्या अलीकडचं. तिच्याकडे लहानपणी महिनाभर राहून तो "जेवला का" शिकला. एवढा समुद्र ओलांडून आलो, आणि भेटला कोण, तर मुलचेऱ्याच्या मावशीचा भाचा.

खोटी शोधल्या. अंगाने बारीक आहे. बोलत नाही. मिरची खात नाही, हे तर फारच वाईट. तुझ्या हातचा झिंग्यांचा रस्सा खाल्ला तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल. एवढ्याच सापडल्या. शोधतो आहे.

हेमराजची गोष्टसुद्धा काढली. चहा पिताना जयाला म्हटलं, "जया, बल्लारपूर कसं वाटते तुले?"

"गरम."

"अन् माणसं?"

"बाबा, आत्यानं काय सांगून पाठवलं ते सरळ सांगा ना."

"काई नाई. तब्येत विचारली."

"कोनाची?"

"बल्लारपूरची," मी म्हणालो, आणि चहा जास्त गरम आहे असं दाखवून खोकलो.

खोकलो म्हणून रखवालदार बंदूक घेऊन आला.

योग्य वेळ अजून यायची आहे.

सोमाजी

•

मोहबोडी,
१८ मार्च

सोम्या,

तुया शिनेमा पाह्यला.

पुऱ्यातली पोट्टी चंचल मोबाइल घेऊन धावत आली. "आत्या, पाहा पाहा, अंदमानचा एक पागल डॉक्टर." पाह्यलं. पांढरा झगा, डोक्याले टोपी, तोंडापुढे काच. समुद्राच्या ओल्या वाळूत धावून राह्यला. मीबी म्हटलं, आता डॉक्टरच पागल झाले तं आपलं काय. मंग मी त्याचं धावणं पाह्यलं. डावा पाय असा बाहेर फेकत धावणारा एकच माणूस मले ठाव हाये.

आवाज वाढवाले लावला. तू बोंबलून राह्यला होता, "पाळ फुटली! फावडे आना! मातीचे बोरे आना! तुडूम पाहा कोनी!"

समुद्राले तलावासारखं पाणी सोडाचं तुडूम असते का रे?

पुऱ्यातल्या साऱ्या मोबाइलवर हाये तू. सोसायटीचा सेक्रेटरी हासून हासून खुर्चीवरून पडला. दवाखान्यात हाये म्हटलं होतं मी, तर म्हणते, "बाई, दवाखाना कोणता हाये ते आता समजलं." बारकी पोट्टी तलावात उड्या मारताना तुयासारखीच बोंबलतात.

सगळे हासले. मी नाई हासली. तलावाची पाळ फुटली अशी हाक आली का आपल्या पुऱ्यात कोणी विचारत नाई, कोणी हाक मारली, कोणाशी भांडण हाये, घरात सुतक हाये का सोयर हाये. हातातलं टाकाचं अन् फावडं घेऊन पळाचं. तू दुसरं करू काय शकत होता? पाणी गेलं तर ढिवराचं पोट गेलं. तुया गळ्यातून तीच हाक निघन.

पण मले एक सांग. सारे माडीवर उभे राहून मोबाइल धरून होते. जयाच्या मांगून एकच पोट्टा धावत आला. हातात फावडं. खरं फावडं. त्या शिनेमात मी तेवढंच पुन्हा पुन्हा पाहाले लावते. चंचल कंटाळली.

तो पोट्टा कोण?

आता लपवलं तर मी सेक्रेटरीलेच पत्र लिहाले लावीन.

रुखमा

•

हॅवलॉक,
२ एप्रिल

बाई,

सगळं सांगतो. आता लपवण्यासारखं राहिलंच काय? अख्ख्या देशाने पाहिलं. दिल्लीच्या त्या जोडप्यानेच काढलं ते.

खोलीत पडून मला समुद्राच्या आवाजाची सवय झाली होती. त्या सकाळी जाग आली ती आवाज नाही म्हणून. पूर्ण शांत. आपल्याकडे पाण्याचा आवाज अचानक थांबला तर त्याचा अर्थ एकच. तू विचारतेस समुद्राला तुडूम असतं का. बाई, चौथीच्या भूगोलात भरती आणि ओहोटी मी पाठ केली होती. गुरुजींनी पाठ थोपटली होती. आजही सांगतो, चंद्राच्या ओढीने समुद्राचं पाणी वगैरे. पण चौथीतला सोमाजी वेगळा आणि झोपेतून उठलेला सोमाजी वेगळा. या दोघांची ओळख नाही.

दार उघडायची परवानगी नव्हती. पण मनात आलं, झगा घातला तर चालेल. झगा असतोच बाहेर जाण्यासाठी. म्हणून काच, टोपी सगळं नीट लावलं. बघ, एवढ्या घाईतही मी नियम पाळला. बाहेर येऊन पाहतो तर पाणीच नाही! जिथे समुद्र होता तिथे ओली वाळू, दगड, शेवाळ, आडव्या पडलेल्या बोटी. पाणी पार लांब गेलेलं, एखाद्या रेघेसारखं. कुणीतरी एवढा समुद्र रातोरात सोडून दिला! मी ओरडत त्या रेघेकडे धावलो. तुटलेली जागा सापडली तर तिथे आडवा पडायचा विचार होता.

मागून जया ओरडत येत होती, "बाबा! थांबा! बाबा!" मला वाटलं, ती पोती घेऊन येते आहे.

मग निमाई आला. फावडं घेऊन. धापा टाकत म्हणाला, "अंकल, कहाँ है?"

मी म्हणालो, "पानी! पानी कहाँ है?"

त्याने फावडं खाली टेकवलं. मग म्हणाला, "आएगा."

"कौन लाएगा?"

"खुद आएगा, अंकल. दोपहर में."

बाई, एवढ्या शांतपणे मला आजवर कोणी मूर्ख म्हटलं नव्हतं. हसलासुद्धा नाही. माझ्या तोंडासमोरच्या काचेवर वाफ धरली होती, ती पुसायला त्याने रुमाल दिला. मी काच आतून पुसायची ती बाहेरून पुसली.

मॅनेजरने पुन्हा खोलीत कोंडलं. जयालाही ऐकून घ्यावं लागलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पण शिनेमा फिरला तशी मॅनेजरला चौकशीचे फोन येऊ लागले, ती पाळवाली जागा हीच का म्हणून. तेव्हापासून तो मला "सर" म्हणतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फावडंवाला मुलगा निमाईच. तू आनंदली असशील. इथेच मी गप्प बसलो असतो तर सगळं सोपं झालं असतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणून लिहितो. बाई, त्याला माझी हाक समजलीच नव्हती. पाळ काय, तुडूम काय, त्याला काही ठाऊक नाही. तो नारळाची रोपं लावायला खड्डे खणत होता, म्हणून फावडं हातात होतं. म्हातारा ओरडत पाण्याकडे पळतो आहे हे पाहून त्याला वाटलं, मगर आली. इथल्या खाडीतून कधीतरी मगर काठाला येते म्हणतात. "कहाँ है" म्हणाला तो मगरीबद्दल.

तेव्हा आपल्या हाकेला धावून आलेला समजून त्याला हो म्हणू नकोस. आणि नाही म्हणायचं असेल तर तूच म्हण. माझ्या तोंडून ते निघत नाही. तो रोज ताट ठेवतो, मी रोज ठरवतो, आणि रोज "वरण छान झालं" म्हणून दार लावतो.

माझं परतीचं विमान रद्द झालं. पुन्हा सगळं बंद होतं आहे म्हणतात. आपल्या जिल्ह्याच्या बातम्या चांगल्या नाहीत. तू घराबाहेर पडू नकोस. पडलीस तर मला सांगू नकोस, मला झोप येत नाही. नाही, सांगच.

सोमाजी

•

मोहबोडी,
२० मे

सोम्या,

तुयी चार पत्रं मांगोमांग आली. तिनांत नुसतं "बाई, कशी आहेस" एवढंच लिहिलं हाये. एवढ्या कोऱ्या कागदावर तिकिटं लावणारा तूच.

मी लिहिलं नाई कारण ताप होता. जयाले मीच सांगू देल्लं नाई. तुले समजलं असतं तर तू झगा घालून समुद्रातून चालत आला असता. आता बरी हाये. तोंडाले चव नाई, म्हणजे माया भाजीत खोट काढाले आता मीबी तयार हाये.

भागीरथा गेली. आपल्या भिंतीले भिंत लागून तिचं घर. तिचं खोकणं मले आयकू यायचं, मले, जिले ढोल आयकू येत नाई. मी तापात इथी, ती तिथी. नेलं तवा मी खिडकीतून गाडी पाह्यली. तोंड नाई पाह्यलं. पुऱ्यात सारे एकमेकांपासून दूर पळून राह्यले होते. पळावंच लागते, मी कोणाले बोल लावत नाई. चंचल खिडकीच्या फळीवर भाकर ठेवून पळायची, तिलेबी मायबाप हायेत.

पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात फिरली. मी म्हणत होती, पोरगी जवळ पाह्यजे, दुपारच्या चहाले पोचता आलं पाह्यजे. भागीरथा भिंतीपलीकडे होती. मी चहाले पोचली का? बल्लारपूर काय अन् तुयं बेट काय, ज्या दिवशी रस्ता बंद होते त्या दिवशी सारं सारखंच लांब.

अन् तुयी मगर. सोम्या, तू लिहिलं का त्याले हाक समजली नाई, मगर वाटली, म्हणून हो म्हणू नको. तू चौथी पास कसा झाला रे? मगर वाटली तर माणूस कोण्या बाजूले पळते? मी त्या शिनेमात पाह्यलं ना. तो तुमच्या बाजूले धावून राह्यला. पाळ फुटली समजून तर आपल्या पुऱ्यातला कोणीबी धावते, ती सवय हाये. मगर समजून कोण धावते?

हेमराजचा मामा आला होता, दार उघडं झाल्यावर. तोंडाले रुमाल, लांबूनच बोलला. "बाई, साक्षगंधाचं काय?" मी दिलेला शब्द मोडणारी बाई नाई. मी चंचलले म्हटलं, दाखव याईले तुया मोबाइल. आवाज मोठा कर. त्यानं सारा पाह्यला. म्हणते, "हा कोण?" म्हटलं, "पोरीचा बाप." त्यानं रुमाल नाकावर वर ओढला. मंग म्हणते, "आता बरे हायेत का?" म्हटलं, "हाव. हा बऱ्या दिवसातलाच हाये."

मंग तेच म्हणाले, थोडं थांबू. त्याईनंच शब्द मोडला. माया शब्द जागच्या जागी हाये.

आता पुढचं तुया हातात. मी जलमभर तुयासाठी ठरवलं, तुयं लग्न, तुया डोंगा, तुया पोरीचं नाव. यावेळी नाई ठरवत. त्या पोट्ट्याले इचार, मगर वाटली तर तिकडे काऊन धावला. तो काय सांगते ते आयक अन् तूच हो म्हण का नाई म्हण. मले विचारू नको. तुले ताप आला तरी चालते.

रुखमा

•

हॅवलॉक,
४ जून

बाई,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच ताप आला. रखवालदाराने बंदूक लावली. त्यात आला नाही, पण होता.

तू आजारी होतीस आणि मी इथे निळ्या हौदाकाठी बसून वरणाची तारीफ करत होतो, यावर काय लिहू? लिहिलं तर रडशील आणि मग म्हणशील, सोम्या कामाची गोष्ट लिही. भागीरथाबाईंसाठी मी इथे पाण्यात एक दिवा सोडला. सोडल्यावर लाटेने तो परत माझ्याच पायाशी आणून ठेवला. तीनदा. शेवटी वाळूत खड्डा करून तिथेच लावला.

आता कामाची गोष्ट.

काल दुपारी पाणी गेलेलं होतं. आता मी ओरडत नाही. निमाई त्या उघड्या वाळूवर बोटीला रंग लावत होता. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "जेवला का?" मी म्हणालो, "वरण छान झालं होतं," आणि परत फिरलो. चार पावलं चाललो. मग तू आठवलीस, खिडकीतून गाडी पाहणारी. पुन्हा वळलो.

म्हटलं, "निमाई, उस दिन तू मगर समझा था ना?"

"हाँ, अंकल."

"मगर समझा तो उलटा भागना था. मेरी तरफ क्यों भागा?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. विचार केला. फार खरा माणूस आहे, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. म्हणाला, "आपकी तरफ नहीं भागा, अंकल."

"फिर?"

"आपके पीछे जया भाग रही थी. मैं उसको पकड़ने जा रहा था."

"और मैं?"

तो लाजला. मान खाली घालून म्हणाला, "आप तो बहुत आगे निकल गए थे. मैंने सोचा, आप तो गए."

म्हणजे बाई, मला त्याने केव्हाच मगरीला देऊन टाकलं होतं. माझा हिशेब संपवून तो उरलेल्यांकडे धावला होता.

मला आधी राग आला. एवढा मोठा मी सासरा होणारा माणूस आणि हा मला असा सोडून देतो. मग मी त्या वाळूवर, समुद्राच्या तळाशी म्हणायला हरकत नाही, खाली बसून हसलो. आपल्या बापानेसुद्धा हेच उत्तर मागितलं असतं. पोरीसाठी कोण धावतो हे पाहायला मी आलो होतो आणि गेले चार महिने माझ्यासाठी कोण धावला हे मोजत बसलो होतो. तो मला बरं वाटावं म्हणून सहज खोटं बोलू शकला असता. मी त्याच्या जागी असतो तर नक्की बोललो असतो, वर "वरण छान" म्हणालो असतो.

मी म्हणालो, "हाव."

"क्या हाव, अंकल?"

"लगन को हाव."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. तुला फोनवर बोलतो तेवढ्या. मग त्याला कळलं आणि त्याचा रंगाचा डबा सांडला. माझ्या एका पायाला निळा रंग आहे, तो अजून जात नाही.

बोटी, विमानं सुरू झाली की तिघेही मोहबोडीला येतो. तिथे आधी तू त्याला पाहा, मग तारीख. त्याने मिरची खायला शिकायचं कबूल केलं आहे, पण तू त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेऊ नकोस. तू रागावली असलीस तरी आता उपयोग नाही. मी ठरवून टाकलं आहे. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

आम्ही दोघे तिथे उभे असतानाच पाणी परत यायला लागलं. आधी घोट्यापर्यंत, मग बघता बघता पिंढरीपर्यंत. जया काठावरून हात हलवत ओरडायला लागली. तिचा आवाज ऐकला तसा निमाई सांडलेला डबा, ब्रश, बोट, सगळं टाकून तिच्याकडे पळत सुटला. मी मागे राहिलो. एकदाही त्याने वळून पाहिलं नाही.

बाई, मला फार बरं वाटलं. तसंही मला पोहता येतं.

तुझा,
सोमाजी